पाळकीणबाईंचं मागचं दार

पाळकीणबाई साइटवर यायच्या त्या नेहमी दुपारी, पाळकसाहेब जेवून झोपलेले असताना. मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं होतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी नुकतीच शिकून सांगलीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले होते. मिरजेत चर्चच्या जागेवर निवृत्त पाळकांसाठी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंसाठी, सहा घरं बांधायची होती. कमिटीचे जुने कागद इंग्रजीत होते आणि मी इंग्रजी शाळेतली, म्हणून सरांनी काम मला दिलं. मला वाटलं, बाकी कुणाला नको असणार. कमी बोलणाऱ्याला लोक असंच काही देतात.

पाळकाची आयुष्यभर बदली होत असते आणि राहायला चर्चचं घर असतं, एवढं मला कागदांवरून समजलं होतं. त्या घराची पुढची खोली घरच्यांची नसतेच, हे पाळकीणबाईंनी सांगितलं. सकाळी सहाला कुणी बाप्तिस्म्याचं विचारायला येणार, भर दुपारी कुणी नवऱ्याची तक्रार घेऊन. वडूज, विटा, सातारा, अशा आठ घरांत त्यांचा संसार झाला होता. आता सहातलं पहिलं घर त्या दोघांना मिळणार होतं.

जमिनीवर चुन्याची आखणी झाली त्या दिवशी त्या मागच्या खोलीच्या रेघेत जाऊन उभ्या राहिल्या आणि पिशवीतून शिवणाची टेप काढली.

"या खोलीला बाहेरून वेगळं दार देता येईल?"

"कशाला?" मी विचारलं.

"असू दे की. हवा येते."

हवेसाठी खिडकी असते. मी वर बघितलं, तर त्या दुसरीकडे बघत होत्या.

मिरजेत दवाखाने पुष्कळ. नर्सिंगच्या मुली खोल्या शोधत गल्लोगल्ली हिंडायच्या. बाहेरून दार असलेली खोली कशासाठी लागते, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. निदान मला तसं वाटत होतं. पुढच्या भेटीत कमिटीच्या सेक्रेटरींना मी ते सांगून टाकलं. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. समोरच्याने काहीतरी चोरलंच आहे अशा नजरेनं बघायचे. "भाडेकरू ठेवायचा बेत दिसतो," ते म्हणाले. "बरं केलंत. दार द्यायचं नाही. मी बोलतो त्यांच्याशी."

ते बोलले. दोन दिवसांनी पाळकीणबाई बसने सांगलीला, थेट आमच्या ऑफिसात आल्या. माझ्या टेबलासमोर बसल्या. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"तू सांगितलंस."

मी गप्प राहिले.

"गप्प बसणाऱ्या पोरी मला माहीत आहेत. मीही तसलीच होते. नियम वाचलास का तू घरांचा? इंग्रजी येतं ना तुला?"

वाचला होता. पाळक वारल्यावर तीन महिन्यांत घर रिकामं करावं, पुढच्या निवृत्त पाळकाला द्यावं. मी त्यावरून नजर फिरवली होती, पण पाळकाच्या मागे कोण उरतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"विट्याला आमची बदली झाली," त्या म्हणाल्या, "तेव्हा आधीचे पाळक वारले होते. आमचा ट्रक दारात, आणि त्यांची बाई आत दूध उतू जाईल म्हणून उभी. मीच तिची भांडी बांधली. ती मला म्हणाली, सावकाश बांध, पातेल्याला पोचे येतात. तिला कुठं जायचंय, ते मी विचारलं नाही. साहेबांचं हृदय आता नीट नाही. पोरगी जावयाच्या घरात, दोन खोल्यांत पाच माणसं. पुढं नवे पाळक राहू देत की. मी मागं एका खोलीत राहीन. पण त्यांच्या पुढच्या खोलीतनं, त्यांच्या पाहुण्यांतनं रोज कसं जायचं?"

"कमिटीला सांगा ना हे," मी म्हणाले.

"नवरा जिवंत असताना? त्यांच्या कानावर गेलं तर? त्या झोपलेल्या माणसाला काय वाटेल?"

दार नाकारलं गेलं होतं, आणि ते माझ्यामुळे. सरांना विचारायचा धीर झाला नाही. विचारलं तर तेही सांगतील, असा आता मला प्रत्येकाचा संशय यायला लागला होता. मी नवा नकाशा काढला. मागच्या भिंतीत दाराच्या रुंदीची खिडकी. खिडकीखालच्या विटा बाजूच्या भिंतीत गुंतवायच्या नाहीत, दोन्हीकडे सरळ उभा सांधा ठेवायचा, म्हणजे तेवढा तुकडा पुढं कधीही अलगद काढता येतो. सहाही घरांना तसंच. एकाच घराला केलं असतं तर दिसलं असतं.

सेक्रेटरींनी नकाशा उलटसुलट बघितला. "मागं एवढ्या रुंद खिडक्या?"

"हवा येते," मी म्हणाले.

ते चष्म्यावरून माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले, की मी खाली बघून पेन्सिलीला टोक करायला लागले. मग त्यांनी सही केली. त्यांना कळलं होतं का, मला आजही सांगता येणार नाही.

गवंडी मात्र पहिली वीट ठेवायच्या आधीच हसला. "मॅडम, ह्ये कवातरी दार व्हनार हाय."

"खिडकी आहे. नकाशात बघा."

"व्हय, व्हय. आमी काय, खिडकीच बांधतोय."

गिलाव्याच्या आधी मी स्वतःहून पाळकीणबाईंना बोलावलं. त्यांनी सांध्यावरून बोट वरून खाली जमिनीपर्यंत नेलं. मग दुसऱ्या बाजूनं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"गवंड्याला."

"म्हणजे अख्ख्या मिरजेला," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलतील. त्या खोलीत गेल्या, चारी भिंतींकडे बघून आल्या.

"दार झालं. मोरी कुठंय?"

मोरी पुढच्या बाजूला होती, स्वयंपाकघराला लागून. मागं मी कपाटासाठी कोनाडा ठेवला होता. कोपऱ्यातनं पाणी कुठून काढता येईल ते बघायला मी टेप घेऊन खाली वाकले, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "आणि हे सांगू नकोस हं कुणाला."

"नाही सांगणार," मी म्हणाले. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. टेपचं दुसरं टोक मात्र त्यांनीच धरलं.