हेडसेटमधला हात

दोन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार. अमेरिकेत, अल्फारेटा गावापासून अर्ध्या तासावर असलेलं आमचं कॉलेज, दुसऱ्या मजल्यावरची इतिहासाची क्लासरूम... आणि एसी फुल असूनही मी घामाघूम.

मी एच-फोर व्हिसावर, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, म्हणजे मला स्वतःला नोकरी करता येत नाही. म्हणून मल्टिमीडियाचा कोर्स घेतला. तिथे डॉ. हॉलोवे भेटल्या. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचा आणि त्यांच्या वंशजांचा इतिहास त्या शिकवतात. स्वतः कृष्णवर्णीय, साठीच्या, आवाज असा की शेवटच्या बाकावरचाही ताठ बसतो. त्यांना वाटत होतं, मुलांनी गुलामांचा बाजार नुसता वाचू नये, तिथे उभं राहून बघावा.

तो बाजार कॉम्प्युटरवर उभा करायचं काम माझ्याकडे आलं. चार महिने लागले. दगडी खांब, लाकडी चौथरा, चौथऱ्यावर उभी केलेली माणसं... खांबांच्या सावल्या नीट पडाव्यात म्हणून तर मी रडकुंडीला आले होते!

डोळ्यांवर चढवायचा हेडसेट एकच, घातला की आपण थेट त्या बाजारात उभे. हेल्मेटएवढा जड, मागे जाडजूड केबल. एकाने घालायचा, बाकीच्यांनी भिंतीवरच्या स्क्रीनवर बघायचं. हातात एक काठीसारखं यंत्र असतं, ते उचललं की समोर आपला हात दिसतो.

पहिली उठली रेनी. पंचेचाळिशीची, तीही कृष्णवर्णीय, स्कूलबस चालवते. मुलं मोठी झाल्यावर राहिलेली डिग्री पूर्ण करतेय, सकाळ-दुपारच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात क्लासला येते. "मी पडले तर धर गं मला," म्हणत हसतच तिने हेडसेट घातला. मी मागे केबल धरून उभी.

ती बाजारात शिरली. गर्दीतून पुढे गेली. चौथऱ्यावर एक बाई उभी होती, तिच्यासमोर थांबली आणि तिने हात उचलला.

मग हात उलटा केला. परत सुलटा केला.

"हा कुणाचा हात आहे?"

मला वाटलं, काहीतरी अडकलं. मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, "तुमचाच!"

...आणि मग मी स्क्रीनकडे बघितलं.

गोरा हात. मनगटाशी शर्टाची पांढरीशुभ्र बाही. त्या बाईच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

रेनीने सावकाश हेडसेट काढला, टेबलावर ठेवला आणि बाहेर निघून गेली. डॉ. हॉलोवेंनी तो बाजार फक्त मॉनिटरवर बघितला होता, हेडसेटने त्यांना चक्कर येते. हात त्यांनाही आत्ताच दिसला. त्या मला एवढंच म्हणाल्या, "जा तिच्याकडे."

रेनी कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी उभी होती. मी धडाधड बोलत सुटले. सॉरी, तो हात सॉफ्टवेअरबरोबरच येतो, मी मुद्दाम नाही केलं, पाच मिनिटांत रंग बदलते...

तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "हे तू स्वतः घालून बघायचीस?"

"हो. रोज."

"रोज? चार महिने? आणि तुला एकदाही दिसलं नाही?"

माझ्या हातांवर आठवड्यापूर्वीच्या हळदीकुंकवाची मेंदी होती, पुसट झालेली. मी त्या हातांकडे बघत राहिले. काळेसावळे, आईसारखे. आणि चार महिने मी तो दुसरा हात माझा म्हणून हलवत होते.

"आणि मला उभं कुठे केलंस?" ती म्हणाली. "विकत घेणाऱ्यांच्यात."

तिथून सगळं छान दिसतं म्हणून! एवढंच कारण होतं.

घरी आल्यावर मंदार, माझा नवरा, म्हणाला, "अगं डीफॉल्ट असतो तो, आपण बदलला नाही तर तोच येतो. इतकं काय मनाला लावून घेतेस?" मी म्हटलं, "अरे, तेच तर! आपोआप येणारा हात गोराच का?"

रेनी क्लास सोडणार, हे मी धरूनच चालले होते. सोमवारी लॅबचं दार वाजलं. ती उभी होती, युनिफॉर्मवरच. "माझ्याकडे पन्नास मिनिटं आहेत. चल, काय करायचं ते करू."

मी घाईघाईने हाताला तपकिरी रंग दिला. "हा कुठल्या माणसाचा रंग झाला?" म्हणत तिने शेजारी खुर्ची ओढली आणि स्वतःचा हात मॉनिटरला टेकवला. जरा लालसर, बोटांच्या पेरांवर गडद, तळवा फिका... जमेपर्यंत तिने हात हलवला नाही. मग उभं राहायची जागा बदलली. आता आपण चौथऱ्याच्या मागे असतो, आपली पाळी यायची वाट बघणाऱ्या बायकांच्या रांगेत. तिथून बाजार नीट दिसतच नाही. पाठी दिसतात, आणि पुढच्या बाईचं मूल.

गुरुवारी परत पहिली रेनीच उठली. रांगेत उभी राहिली. हात उचलून एकदा बघितला आणि खाली घेतला. बराच वेळ नुसती उभी होती. हेडसेट काढल्यावर तिने डोळे पुसले आणि वर्गाला म्हणाली, "एकेक करून या. घाई करू नका."

त्या दिवशी वर्ग संपल्यावरही कुणी उठलं नाही. कधी तोंड न उघडणारी मुलं बोलत होती. डॉ. हॉलोवे मागे बसून ऐकत होत्या.

मी अजून सावरलेले नाही. मला आणखी काय काय दिसत नसेल, याचीच आता भीती वाटते. पण रेनीला परत यायची काहीच गरज नव्हती. मला न दिसलेलं तिने दाखवलं, आणि दाखवून निघून गेली नाही. शेजारी खुर्ची ओढून बसली... हे मी विसरणार नाही.