भिंतीपलीकडची आई

शिक्षकांकडे किस्से साचतातच. आमच्याकडे जरा जास्त साचलेत, कारण मी आणि वैशाली ह्यूस्टनजवळ शुगर लँडला एकाच शाळेत शिकवतो, एकाच अपार्टमेंटमध्ये राहतो आणि एकाच गाडीतून जातो. मी नागपूरची, ती साताऱ्याची. गाडी मी चालवते, किस्से ती पुरवते. फक्त हल्ली ते सांगताना हसू कमी येतं.

*

पहिल्या दिवशी वैशाली वर्गात शिरली आणि एकही मूल उभं राहिलं नाही. तिला वाटलं, बघितलं नसेल. बाहेर जाऊन, जरा खाकरून पुन्हा आत आली. सगळे बसलेलेच. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. शेवटी पुढच्या एका मुलीनं काळजीनं विचारलं, "मिस, आर यू लॉस्ट?"

*

एकदा एक मुलगा पडून रडायला लागला. पहिलीतलं पोर, वैशालीनं सरळ मांडीवर घेतलं. प्रिन्सिपल बाईंनी अगदी गोड शब्दांत समज दिली, की इथे मुलांना असं जवळ घेत नाहीत. मग रडणाऱ्या मुलाचं करायचं काय, असं हिनं विचारलं. त्यांनी टिश्यूचा डबा हातात दिला.

गाडीत हे सांगताना ती आधी खूप हसली, मग तोच डबा मांडीवर घेऊन डोळे पुसत बसली. तिची लेक ओवी तेव्हा साताऱ्यात आजीजवळ होती, आणि तिला इथे आणायचं एवढंच वैशालीच्या डोक्यात असायचं.

*

ओवीला फोन व्हायचा तो सकाळी, शाळेच्या पार्किंगमधून. तिकडे संध्याकाळ, खेळायची वेळ. आजी हातात फोन द्यायची आणि ओवी तो पलंगावर टाकून पळायची. मग स्क्रीनवर नुसता छताचा पंखा. वैशाली तो बघत बसायची. एकदा मी म्हटलं, अगं, ठेव आता. तर म्हणाली, "थांब ना स्मिताताई, आवाज येतोय तिचा."

*

अखेर व्हिसा झाला. ओवीचा बाबा तिला इथे पोचवून, रजा संपली तसा परत गेला. पहिल्या दिवशी जेवताना ओवीनं आईला विचारलं, "तुम्ही मला अजून भात वाढाल का?"

आईला कुणी अहोजाहो करतं का! वैशालीनं भात वाढला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. पुढे हळूहळू ओवी रुळली. दुसरीत, माझ्याच वर्गात बसू लागली. आईचा वर्ग भिंतीपलीकडे.

*

आणि परवाचं ड्रिल. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं, याचा इथे सराव असतो. दार आतून बंद, दिवे बंद, मुलांनी कोपऱ्यात गप्प बसायचं. काहीही झालं तरी शिक्षकानं आपला वर्ग सोडायचा नाही.

हे खोटं खोटं आहे, असं मी मुलांना आधीच सांगितलं होतं. पण दार नीट लागलंय का बघायला कुणीतरी बाहेरून हँडल हलवलं आणि ओवी ओरडली, "आई!"

मी तिला पोटाशी धरलं, तोंडावर हात ठेवला. भिंत पातळ आहे. पलीकडून काहीच आवाज आला नाही.

दारं उघडली तेव्हा वैशाली आपल्या मुलांची रांग लावत होती. चेहरा पांढराफटक.

घरी जाताना मागच्या सीटवरून ओवीनं विचारलं, "आई, मी हाक मारली ती तुला ऐकू आली?"

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही गं सोन्या."

"बरं झालं," ओवी म्हणाली. "मग त्या माणसालाही ऐकू आली नसेल."