मेहलचे फुटवे

जसुलीदीदीच्या तोंडून 'नाही' हा शब्द आमच्या गावात कुणी ऐकला नव्हता. तेच तिला भोवलं. बाकीचे तिच्या नशिबाला बोल लावतात, खुशाल लावोत.

तिच्या उतारावर मेहलची, म्हणजे रानटी नासपतीची, काटेरी झाडं होती. फळ इतकं तुरट, की थंडीने काळं पडल्याशिवाय तोंडात घालवत नाही. पण कुणाचे डोळे आले की सगळे तिच्याच दारात. ती फळ ठेचून रस द्यायची.

तिचा मुलगा दिवान दिल्लीच्या हॉटेलात भांडी घासून विटला होता. उतरायणीला, म्हणजे संक्रांतीला, आला तो करवत घेऊनच. सगळी मेहलं वरून कापून त्याने खुंटांवर चांगल्या नासपतीची कलमं बांधली.

"इजा, कलमं जगली तर मी कायमचा घरी. मालकाचा हंगाम संपवून पावसाळ्यात हरेल्याच्या सणाला येतो. तू फक्त खुंटाला फुटणारं मेहल खुडत जा. दयामाया नको."

"आईला शिकवतोय मेला!" ती हसली.

चैत्रात कलमांना पानं आली. जसुलीदीदी रोज फुटवे खुडायची. मग पारुलीकाकी येऊन बसली.

"एकेक फुटवा राहू दे गं. पुढे डोळे आले तर आम्ही जायचं कुठे?"

झालं! प्रत्येक खुंटावर एक फुटवा राहिला. पावसात ते खुंटाचा सगळा रस ओढून तरारले आणि कलमं मलूल झाली.

"दीदी, अजून वेळ आहे, खुड ते," मी म्हटलं.

"पारुलीकाकीला शब्द दिलाय गं. आणि कलमांना ऊन लागलंय नुसतं." ती शेण घालत राहिली.

हरेल्याच्या सकाळी दिवान अंथरूण-पांघरूण घेऊन आला. मुलाच्या डोक्यावर ठेवायचे हिरवे अंकुर घेऊन ती दारात उभी होती. तो आधी उतारावर गेला आणि वाळलेलं कलम घेऊन परतला.

"गावाचे डोळे सांभाळलेस, इजा. मला मात्र घालवलंस."

"अरे, डोकं तरी वाकव..."

त्याने वाकवलं नाही. वळकटी खांद्यावर टाकून तो उतरणीला लागला. ती मागून हाका मारत राहिली. ते ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने कुऱ्हाडीने एकूण एक मेहल मुळापासून तोडलं.

परवा पारुलीकाकी नातीला घेऊन आली होती. पोरीचे डोळे लालभडक, चिकटलेले. जसुलीदीदी तिच्याकडे बघत राहिली.

"नाही," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.