दौलतरावांचं हिस्ट्री कार्ड

रविवार, १२ जानेवारी २०२५. पाणी पावणेसहाला आलं, साडेसहाला गेलं. सकाळी नऊला शेजारच्या दौलतरावांनी स्वतःच्या शर्टाला लाल टॅग लावला.

लाल टॅगचं सांगायला हवं. दौलतराव चाकणच्या एका कारखान्यात तपासनीस होते. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, माप चुकलं की लाल टॅग बांधून रिजेक्टच्या पेटीत टाकायचे. माझे यजमान त्यांच्याच खात्यात होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी दौलतरावांची सवय सुटलेली नाही. कासारवाडीच्या आमच्या इमारतीत त्यांनी जिन्याचा कठडा, भाजीवाल्याची काकडी आणि एकदा माझी पुरणपोळीसुद्धा नापास केली. त्यांच्या बायकोच्या, अंबूबाईंच्या पोळ्या मात्र त्या होत्या तोवर सगळ्या पास. कारण विचारलं तर म्हणायचे, "तिथं अपील न्हाई, वहिनी."

या खेपेला ते स्वतःच नापास झाले. म्हातारपणी बुद्धी कुणाची आणि का खालावते, यावर एका रुग्णालयात संशोधन चालू आहे. चहा-बिस्किटं मिळतात म्हणून दौलतराव गेले. मेंदूचा एमआरआय झाला, रक्त घेतलं. अहवालात दोन गोष्टी आल्या. आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस वयाच्या मानाने लहान, आठव्या पर्सेंटाइलवर. आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या ई-चार जनुकाची एक प्रत. आठवं पर्सेंटाइल म्हणजे त्यांच्या वयाचे शंभर जण ओळीत उभे केले, तर आठेक जणांचा याहून लहान. दौलतरावांनी वाचलं, शंभरपैकी आठ मार्क.

"पस्तीसला पास करत्यात, वहिनी. मला आठ."

त्यांचा मुलगा सिद्धेश पुनावळ्यात चौदाव्या मजल्यावर राहतो. तो कधीचा बोलावत होता, दौलतराव दाद देत नव्हते. मागे एकदा आठ दिवस राहून आले, तेव्हा तक्रार एकच होती: तिथून माणसं दिसतात, पण हाक पोचत नाही. दिवसभर हाका मारणाऱ्या माणसाला याहून वाईट शिक्षा नाही. आता मात्र मुकाट्याने दोन बॅगा भरल्या, घर भाड्याने द्यायचंही ठरवलं. अकराला सिद्धेश गाडी घेऊन आला आणि बॅगा गाडीत ठेवून वर आला.

मला राहवेना. म्हटलं, "भावजी, गेजचं माप चुकलं की लगेच भंगारात टाकायचात?"

"छ्या! आधी हिस्ट्री कार्ड बघायचं."

कारखान्यात गेजसारख्या मोजमापाच्या प्रत्येक हत्याराचं असं कार्ड असतं. कुठल्या साली किती माप भरलं, ते त्यावर लिहितात. एकाच मोजणीवरून झीज कळत नाही, जुन्या मोजणीशी ताडावं लागतं.

"मग तुमचं कार्ड कुठाय?"

"मानसाचं कुठं असतंय?"

"माझ्या कपाटात."

शाळेतल्या नन्सनी मला रोजनिशीचं व्यसन लावलं. चोपन्न वह्या झाल्या आहेत. दोन काढल्या आणि बापलेकांसमोर वाचल्या.

"चौदा मे शहाण्णव. दौलतराव चुकीच्या कार्यालयात शिरले, अनोळखी लग्नात जेवले आणि आहेरही देऊन आले."

"जेवान झ्याक व्हतं."

"दोन डिसेंबर दोन हजार तीन. अंबूबाईंना दापोडी स्टेशनवर विसरून एकटेच घरी आले. त्या बसने आल्या. रात्री यांच्याकडे स्वयंपाक झाला नाही."

"दोन दिस न्हाई झाला," दौलतराव म्हणाले. "वही चुकली."

पान उलटलं. तीन डिसेंबर: शेजारी आजही गॅस बंद.

सिद्धेशने विचारलं, "काकू, म्हणजे पप्पा आधीपासूनच असे?"

"तीस वर्षांत रेघभर फरक नाही."

"म्हंजी मी पयल्यापासून येडा?" दौलतराव खवळले.

"हो. पण झीज दिसत नाही."

सिद्धेशने संशोधन करणाऱ्या मुलीला फोन लावला. बिचारीने रविवारी उचलला. ती म्हणाली, एमआरआय आणि जनुक धोका किती ते सांगतात, निकाल देत नाहीत. खरं कळेल ते दोन वर्षांनी पुन्हा तपासल्यावर. रोजची कामं नीट होत असतील तर नुसत्या या कागदांसाठी घर सोडू नका. मग माझ्या वह्या मागायला लागली. मी नाही म्हटलं. त्यांत डॉक्टरांविषयी बरंच लिहिलेलं आहे.

ई-चार काही कुठे जाणार नाही. दोन वर्षांनी काय निघेल, मला ठाऊक नाही. सिद्धेशने रोज फोन उचलायची अट घातली आणि बॅगा परत वर आणायला तो गाडीकडे गेला. "चिमटा घिऊन ये, टॅग निघंना," असं त्याला ओरडून सांगताना दौलतरावांची हाक तळमजल्यापर्यंत गेली.

संध्याकाळी लिहिलं: दौलतरावांनी पाच किलो गहू दळायला टाकले.