याडीचं नाक कोणाचं

पुसदच्या बस स्टँडमागच्या गल्लीत रहमत पेंटरचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, एक स्टूल, एक बाकडं, आणि चाळीस वर्षं ब्रश पुसून पुसून रंगलेली एक भिंत. बाहेरगावच्या एका मास्तरांनी एकदा त्या भिंतीकडे बघून "हे चित्र केवढ्याला?" असं विचारलं होतं. रहमतनं भावही सांगितला होता.

मी त्या बाकड्यावरचं जुनं गिऱ्हाईक. म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, चहाचा वाटेकरी. रहमत सांगतो त्यात मी थोडी भर घालतो, हे खरं. पण तोही कुठं कमी घालतो?

रहमतचं नाव दोन गोष्टींनी झालं. एक म्हणजे वर्तुळ. जिनिंगच्या भिंतीवर बैलगाडीच्या चाकाएवढं वर्तुळ तो एका दमात ओढायचा, दुसऱ्या हातात बिडी. दुसरी गोष्ट मेलेली माणसं. ज्यांचा जन्मात फोटो निघाला नाही अशांची तसबीर तो काढून द्यायचा. नातेवाइकांना ओळीनं बसवायचा आणि विचारायचा, "नाक कोणावर गेलं म्हाताऱ्याचं? कपाळ कोणाचं? कान दाखवा कोणाचे ते." घरातल्या जिवंतांचे तुकडे जोडून मेलेला माणूस उभा करायचा. तसबीर न्यायला तिसऱ्या दिवशी बोलवायचा. कोणी कुरकुर केली की बोट टेकवून म्हणायचा, "वाळला रंग. आता बदल होत नाही." मग हार चढायचा, आणि दोन वर्षांत अख्ख्या घराला आजोबा त्या तसबिरीसारखेच आठवायला लागायचे. रहमतनं तालुक्यातल्या किती आजोबांची तोंडं बदलली, त्याचा हिशेब अल्लाकडंच.

पुढं फ्लेक्स आले. रहमत सांगतो, फ्लेक्समुळं धंदा सोडला. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की त्याचा हात कापायला लागला होता. त्याची बायको आयशाबी त्याला अर्धाच कप चहा द्यायची, भरलेला बशीत सांडतो म्हणून. विचारलं तर तो म्हणायचा, "शुगर आहे." साखर मात्र तीन चमचे.

ज्या साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी आतून खाल्ली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दुकानात खेमसिंग आला. पुसदपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या तांड्याचा हा बंजारा शेतकरी. अळीच्या आदल्या साली एका बियाणं कंपनीनं त्याला प्रगत शेतकरी ठरवलं होतं. छातीएवढ्या कपाशीत उभं करून त्याचा फ्लेक्स छापला, आणि सत्कारात नारळ, शाल आणि एक टॅबलेट दिला. टॅबलेटसोबत पेनासारखी एक काडी. तो फ्लेक्स आता त्याच्या कडब्यावर झाकलेला असतो आणि पाऊस आला की खेमसिंग स्वतःच्या तोंडावरून पाणी निथळताना बघतो.

"यात अळीचा फोटो टाका, सल्ला येते म्हणे," खेमसिंग म्हणाला. "म्या टाकला."

"मग?" रहमतनं विचारलं.

"आला ना. 'आपला संदेश मिळाला, धन्यवाद.' अळीलेबी मिळाला असन. दुसऱ्या दिवशी दुप्पट झाली."

त्यानं टॅबलेट रहमतच्या मांडीवर ठेवला. "पेंटर, याच्यावर चित्र काढता येते म्हणतात. आमच्या याडीचं काढून दे, अन् हे डबडं तुलेच ठेव."

याडी म्हणजे आई. ती वारली तेव्हा खेमसिंग तीन वर्षांचा, धाकटा नेमसिंग पंधरा दिवसांचा, आणि थोरली सुखीबाई सात वर्षांची. फोटो कुठून असणार? दोघा भावांना वाढवलं सुखीबाईनं. आता तिनं सत्तरी ओलांडली होती. एक डोळा काचबिंदूनं गेलेला, दुसरा निघण्याच्या तयारीत. "डोळा आहे तोवर याडीचं तोंड पाहाचं आहे मले," एवढंच ती म्हणाली होती, आणि सुखीबाईचं म्हणणं तांड्यात कोणी मोडत नव्हतं. कारण तिच्या हातात एक हुकमी पान होतं. कोणत्या भावाला कोणतं वावर, कोणाची पोरगी कुठं द्यायची, सगळ्या भांडणांत शेवटी ती म्हणायची, "याडीले हे पटलं नसतं." याडीला पाहिलेली ती एकटीच उरली होती. कोण काय बोलणार?

रहमतनं आधी नाक मुरडलं. "कॉम्प्युटर म्हणजे आंधळ्याची काठी," हे तो दहा वर्षं सांगत आला होता. मग त्याची नात गझाला आली. कॉलेजात शिकणारी, फटकळ. तिनं शिकवायला सुरुवात केली आणि आम्हाला आठवडाभर तमाशा फुकट मिळाला. पेन हातात आल्याबरोबर त्यानं त्याचं टोक ओठात धरून ओलं केलं.

"दादा, थुंकी कायले लावता!"

"थुंकीबिगर नोक बसत नाही, बेटा."

मग ते पँटीला पुसलं. रेघ चुकली की अंगठ्यानं पुसायला जायचा, तर चित्रच इकडचं तिकडं पळायचं. काढून झालं की पंख्याखाली धरायचा. गझाला कपाळावर हात मारून घ्यायची. एक दिवस तिनं त्यात कुठंतरी जाऊन काहीतरी सरकवलं. "आता गोल ओढा," म्हणाली. रहमतचा हात थरथरत फिरला, आणि काचेवर वर्तुळ उमटलं. गुळगुळीत, एका दमातलं.

रहमतनं आणखी एक ओढून बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. शिकून राह्यली मशीन माह्यापासून." उठून पडद्यामागं गेला आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला. सर्दी, म्हणाला. मे महिन्यात!

ठरल्या दिवशी तांडा दुकानात उतरला. सुखीबाई जुन्या पद्धतीचा घागरा, कांचळी म्हणतात ती आरशांची चोळी, तशीच ओढणी आणि कोपरापर्यंत बांगड्या घालून स्टुलावर बसली. मागं खेमसिंग, त्याची बायको सत्यशीला आणि नेमसिंग. रहमतनं विचारलं, सुखीबाईनं सांगितलं. रंग सावळा. कपाळ रुंद. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या लोंबणाऱ्या. नाकापाशी ती जरा अडली.

"नाक माह्यासारखं होतं," खेमसिंग म्हणाला. "सगळे म्हनत."

"कोन सगळे?" नेमसिंग उखडला. "तुह्यं नाक म्हंजे भजं आहे."

रहमतनं खेमसिंगचं नाक काढलं आणि जुन्या सवयीनं बोट उचललं, आता बदल होत नाही असं सांगायला. तेवढ्यात गझाला भोळेपणानं म्हणाली, "काही टेन्शन नाही काका, नाक बदलता येतं. एकावर एक काच ठेवल्यासारखं आहे. हे लपवायचं, दुसरं लावायचं."

रहमतनं तिच्याकडं असं बघितलं, जणू घरच्याच माणसानं दुकानाला आग लावली असावी.

झालं! संध्याकाळपर्यंत याडीला तीन नाकं होती. एक खेमसिंगचं, एक नेमसिंगचं, आणि एक सत्यशीलानं सुचवलेलं मधलं, जे कोणालाच नको होतं. दुसऱ्या दिवशी हनुवटीवरून जुंपली. बोट टेकवलं की याडी थोरल्याची, बोट टेकवलं की धाकट्याची. "दाखव, पुन्हा दाखव," करत दोघं भाऊ काचेवर वाकलेले. खेमसिंगला वाटायचं, आपण लाडके. नेमसिंगचं दुखणं वेगळं होतं. त्याच्या जन्मापाठोपाठ आई गेली, म्हणून तांड्यानं त्याला जन्मभर 'आईले खाल्लं यानं' म्हणून चिडवलं होतं. निदान नाक तरी मिळावं, एवढीच त्याची मागणी. हे त्यानं मला चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि कोणाला सांगू नका म्हणाला.

या गोंधळात एकच माणूस बोलेनासं झालं होतं. सुखीबाई. तिला विचारलं, "असं होतं का?" की म्हणायची, "असन." आधी तिचं 'असन' कोणी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आयशाबी जेवायला बोलवायला आली. नवरा ऐकेना म्हणून चष्मा लावून काचेत डोकावली आणि ओरडलीच.

"या अल्ला! हे तर मी आहे!"

"चूप बैस," रहमत म्हणाला.

"काहून चूप? डोळे कोनाचे आहेत हे? भुवई कोनाची?" ती आमच्याकडं वळली. "चाळीस वर्षं झाले, या मानसाले दुसरे डोळे येतच नाहीत. कोनाची आजी असो, कोनाची सासू असो, माह्येच डोळे लावते. अर्ध्या तालुक्यात मी जितेपनी हार घालून लटकली आहे!"

रहमतचं तोंड बघण्यासारखं झालं. गल्ली हसून लोटपोट. मी सगळ्यात जास्त हसलो, कारण माझ्या चुलतीची तसबीर आठवली, आणि लहानपणापासून ती कोणासारखी दिसते हे कोडं तिथं सुटलं.

खेमसिंग मात्र भडकला. "म्हंजे आम्ही तीन दिवसांपासून आयशाभाभीच्या तोंडावर आपली नाकं चिकटवून राह्यलो का?"

"चला भाहेर," सुखीबाई म्हणाली. दोघा भावांना आणि सत्यशीलाला तिनं चहाला पिटाळलं. आयशाबी गझालाला घेऊन घरी गेली. मी बाकड्यावर तोंडावर पेपर घेऊन आडवा होतो. झोपलेल्या म्हाताऱ्याला कोणी बाहेर काढत नाही, या सवलतीचा मी आयुष्यात भरपूर फायदा घेतला आहे.

"पेंटर," सुखीबाई हळू म्हणाली, "हे सगळं पुसता येते का?"

"येते."

"पूस."

त्यानं पुसलं. काच कोरी झाली.

"मले तिचं तोंड आठवत नाही रे भाऊ," ती म्हणाली. "कधीचंच नाही. पोरं लहान होती, रडत. विचारत, याडी कशी होती? मी सांगत गेली. सांगता सांगता रोज येगळं तोंड झालं. आता हा डोळाबी चालला. मले वाटलं, तू काढशील अन् मले आठवन. नाही आठवलं."

रहमत दुसऱ्या कोणाला म्हणाला असता, वाळला रंग. सुखीबाईला त्यानं विचारलं, "मंग काय आठवते?"

तिनं कोऱ्या काचेवरून बोट फिरवलं.

"पाठ," ती म्हणाली. "ती पुढं चालायची, मी मागून. कापूस वेचाले. मान वर केली की ओढणीचे आरसे चमकत. बस, तेवढंच. वळून पाहिलेलं काही ध्यानात नाही."

रहमतनं पेन उचललं. ओलं केलं, तेवढी खोड गेली नाही. आणि तो जन्मात पहिल्यांदा एक माणूस पाठमोरं काढायला बसला. घागऱ्याचा घेर, कंबरेला बांधलेली कापसाची ओटी, पाठीवरच्या ओढणीचे आरसे. गझाला परत आली तेव्हा म्हणाली, "दादा, एक आरसा काढा, बाकीचे मी कॉपी करून देते, मिनिटाचं काम." "नको," तो म्हणाला, आणि एकेक आरसा वेगळा काढला. सुखीबाई काचेला नाक टेकवून सांगत होती. "हा फुटका होता. हा न्हवताच. इथं नुसता दोरा." इतक्या खात्रीनं ती तीन दिवसांत पहिल्यांदा बोलत होती.

भाऊ चहा पिऊन आले. बघितलं. मला वाटलं, आता खरी मारामारी. खेमसिंगनं डोकं वाकडं करून, जणू काचेच्या पलीकडून बघतो आहे असं बघितलं.

"झकास," तो म्हणाला. "वळली तर माह्यंच नाक दिसन."

"वळू तर दे," नेमसिंग म्हणाला, आणि स्वतःच्या नाकावरून हात फिरवला.

दोघं खूश. वळणार नाही, याची दोघांनाही खात्री होती.

घोटाळा निघाला तो पुढं. छापून फ्रेम केलेलं चित्र सुखीबाईला दिसेना. कागद तिला काळाच दिसायचा. काचेतला उजेड दिसायचा, आणि दोन बोटांनी ताणून आरसा ताटाएवढा केला की फुटकी कड सुद्धा दिसायची. म्हणजे तिला टॅबलेटच हवा. आणि टॅबलेट ठरल्याप्रमाणं रहमतचा झालेला. त्यातच त्याचा न कापणारा हात.

खेमसिंग ओशाळून उभा होता. "नवीन घेऊन देतो पेंटर, कापूस आला की."

"तुह्या कापसाचं मले सांगू नको," रहमत म्हणाला, आणि टॅबलेट रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिला. पेन तेवढं खिशात ठेवलं. चुकून, असं तो म्हणतो.

चार दिवसांनी तांड्यातून फोन आला. सुखीबाईला काहीतरी नवीन आठवलं होतं. रहमत इस्त्रीचा शर्ट घालून, पेन खिशाला लावून एसटीत बसला. टाचेची भेग काढून संध्याकाळी परत आला. पुढच्या मंगळवारी घागऱ्याच्या ठिगळाचा रंग. त्याच्या पुढच्या मंगळवारी कमरेची चंची. दीड वर्ष झालं, चित्र काही संपत नाही. दर मंगळवारी सकाळच्या गाडीनं जातो आणि हातात भाकरीचं फडकं घेऊन येतो. गल्लीत काय काय बोललं जातं ते मी लिहीत नाही. निम्मं मीच उठवलेलं आहे. आयशाबी तर उघड म्हणते, "सत्तरीत सोयरीक जमवून राह्यले." वर शर्टाला इस्त्रीही तीच करते.

सुखीबाईचा दुसरा डोळा आता जवळपास गेला आहे. ती टॅबलेट मांडीवर घेऊन, उजेड कुठं आहे तेवढं बघून बोट टेकवते. परवा मी विचारलं, "काय रे रहमत, तिला दिसतच नाही, मग तू काय काढतोस?"

"ती सांगते ते," तो म्हणाला. "या मंगळवारी तिनं सांगितलं, याडीची मान जराशी वळली होती. डावीकडं."

"मग? काढलंस?"

"जराशी." त्यानं आजूबाजूला पाहिलं. "भावांले सांगू नको. गालच दिसून राह्यला अजून."