मयताची फोटोवाली

वसईकडच्या नंदाखाल गावात हरिश्चंद्र चुरींच्या घरात देव पुष्कळ होते, पण खरी भक्ती एकाच शब्दावर होती: पर्मनंट. हरिश्चंद्र स्वतः सरकारी खात्यात चिकटले ते निवृत्तीलाच सुटले. घरची केळीची वाडी त्यांच्या लेखी टेम्पररी. एका वादळात आडवी होते. म्हणून मुलगी मेघना फोटोग्राफी शिकायची म्हणाली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्यात रिटायर कधी होतात?"

मेघना फार लवकर रिटायर झाली. अंधेरीच्या एका स्टुडिओत ती कुर्त्यांचे फोटो काढायची. मॉडेल पोरी कुर्ते घालून उभ्या राहायच्या आणि मेघना दिवसभर ओरडायची, "हनुवटी वर, स्माइल!" मग एकदा मालकाने तिला कॉम्प्युटरवर एक बाई दाखवली. बाई देखणी होती, कुर्ता अंगावर चोख बसला होता आणि बाई जगात कुठेच नव्हती. तिला चहा लागत नव्हता, रिक्षाभाडं लागत नव्हतं आणि फोटो काढायला माणूसही लागत नव्हतं.

"तू फार टॅलेंटेड आहेस, मेघना," मालक म्हणाला. एरवी तो कुणाचं कौतुक करत नसे. नोकरी गेली, हे तिला तिथेच कळलं.

घरी हरिश्चंद्रांनी दुःखी चेहरा केला आणि दुपारी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणली. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, तर टाकी कधी भरेल? मेघनाचं मत असं पडलं, की दोन्ही नळ उघडे ठेवणाऱ्याला आधी नोकरीवरून काढावं. पण ती गणितं करत राहिली. रात्री कॅमेऱ्याची बॅग कपाटाच्या वर टाकून दिली, तेव्हा मात्र रडू आलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेजारच्या प्रिस्का मावशीची सासू, रेमेत आजी, वारली. प्रिस्काचा मुलगा स्टीवन कॅनडात. त्याला येणं शक्य नव्हतं. गावचा फोटोग्राफर व्हिव्हियन राजोडीच्या किनाऱ्यावर कुठल्याशा जोडप्याला लाटांतून पळवत होता आणि फोन उचलत नव्हता.

"गे मेघना, कॅमेरा घेऊन चल," प्रिस्का दारातूनच म्हणाली. "स्टीवनला तिकडे सगळं लाइव्ह दिसलं पाहिजे. आणि मयताच्या पेटीभोवती फॅमिलीचा फोटो. आमच्यात काढतातच."

"मयताचे फोटो?" हरिश्चंद्र उठलेच. "उद्या परीक्षा आहे तिची!"

"परीक्षा परत येते, हरीभाऊ. सासूबाई काही परत मरणार नाहीत."

मेघनाने कपाटावरची बॅग खाली काढली.

अंगणात निळी ताडपत्री बांधली होती. तिच्या उजेडात सगळे निळे दिसत होते. पेटीतल्या रेमेत आजीपेक्षा बाकीचेच जास्त गेलेले वाटत होते. मेघनाने आधी ताडपत्री सोडायला लावली. उंचीप्रमाणे माणसं उभी केली. स्टीवनचा चेहरा दिसणारा फोन प्रिस्काच्या हातात दिला. डोळा कॅमेऱ्याला लावला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "हनुवटी वर... स्माइल!"

फादरांनी प्रार्थनेच्या पुस्तकातून मान वर केली. मेघनाला वाटलं, ही पेटी मोठी आहे, आपणही मावू.

तेवढ्यात प्रिस्काच्या नवऱ्याच्या नाकातून फुर्रकन आवाज आला. मग कुणीतरी खुदकलं, आणि बघता बघता सगळं घर हसायला लागलं, डोळ्यांत पाणी तसंच. फोनमधून स्टीवन हुंदक्यातच म्हणाला, "आजी असती तर सगळ्यात मोठ्याने हसली असती." मेघनाने बटण दाबलं. स्टुडिओत तिच्या कॅमेऱ्यासमोरची माणसं कुणाकडेच बघत नसत. ही एकमेकांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती परीक्षेला गेली आणि रीतसर नापास झाली.

फोटो मात्र कॅनडाहून आखातात आणि आखातातून शेजारच्या आगाशी गावात आला. बोलावणी सुरू झाली. व्हिव्हियननेच वाटणी करून टाकली. "मयत तुला, लग्न मला. तुझी मजा आहे, तुझं गिऱ्हाईक नाक मोठं आलं म्हणून भांडत नाही."

मग जिवंत म्हातारेच आधी फोटो काढून ठेवायला यायला लागले, हिंदू काय, ख्रिश्चन काय. आपण गेल्यावर पोरं कुठल्यातरी लग्नातला फोटो कापून फ्रेम करतात, ही सगळ्यांची तक्रार. "आमच्या ह्यांच्या खांद्यावर अजून एका बाईचा हात आहे," एक आजी म्हणाल्या. "कुणाचा, ते आता विचारू कुणाला?"

अशात मेघनाला बोळिंजचं स्थळ आलं. मुलगा संकेत, मोठ्या कंपनीत. त्याची आई स्वप्नाताई वाडीतल्या सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी चघळत म्हणाल्या, "मुलगी काय करते?"

"फोटोग्राफी," हरिश्चंद्र म्हणाले. "कार्यक्रमांची."

"कसले कार्यक्रम?"

"शेवटचे," मेघना म्हणाली.

संकेत हसला. स्वप्नाताईंनी सुकेळी खाली ठेवली. "पण यात पुढे भवितव्य काय?"

मेघना तोंड उघडणार, इतक्यात हरिश्चंद्रच तापले. "भवितव्य? अहो, या धंद्यात मंदी आलेली ऐकलीय कधी? तुमच्या चिरंजीवांना उद्या कंपनी नारळ देईल. पण तुम्ही, आम्ही, कधी ना कधी..." बायकोने, वसुंधराने, पायावर पाय दिला म्हणून पुढचं राहिलं. मेघना वडिलांकडे बघतच राहिली.

स्थळ अर्थातच मोडलं. काही आठवड्यांनी स्वप्नाताईंचा फोन आला. "ते लग्नाचं नाही हो. सासूबाईंचा एक चांगला फोटो काढून ठेवायचा होता. तशी तब्येत ठणठणीत आहे म्हणा."

मेघना बोळिंजला गेली. सासूबाई नऊवारी नेसून, नथ घालून गॅलरीत बसल्या होत्या. त्यांनी सुनेला चहाला आत पिटाळलं आणि मेघनाला जवळ बोलावलं.

"सून जरा घाईत आहे गं," त्या म्हणाल्या. "तिचाही एक काढून ठेव."

मेघनाने दोघींचेही काढले. आधी सासूचा, वयाचा मान म्हणून.