कापरं गवत

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, मी दिलेल्या गवताचं काय झालं?" आजोबा तेव्हा शेजारीच बसले होते, म्हणून मी दुसरा विषय काढला. आता सगळं क्रमाने लिहिते. तुम्हा दोघा भावंडांना मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे, आणि मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीत लिहिणं मला काही जड नव्हतं. पण यात जी गवतं येतात त्यांची नावं मी आजोबांच्या तोंडून ऐकली, आणि ती मला मराठीतच येतात.

आजोबांनी नोकरीभर काय केलं हे तुम्हाला नीट कोणी सांगितलेलं नसेल. ते अंबड तालुक्यातल्या शेतकरी घरातले. जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. कंपनी शेतकऱ्यांच्या रानात बियाण्याचे प्लॉट घेते. नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. त्यांत भलत्या जातीचं एखादं रोप उगवलं तर त्याला म्हणतात भेसळ. ती फुलावर यायच्या आत मुळासकट उपटून धुऱ्याबाहेर, म्हणजे बांधाच्या पलीकडे, टाकायची. आजोबा मजूर बायांच्या पुढे ओळीओळीने चालत आणि हेच काम करत. त्यांचा एक नियम होता: शंका आली की उपटायचं. चांगलं रोप चुकून गेलं तर एकच रोप जातं. भेसळ राहिली तर सगळं बी जातं.

तीन-चार वर्षांपासून आजोबा विसरू लागले, हे तुम्हाला ठाऊक आहे. किती, ते ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले होते, नवं आधी जाईल, जुनं मागाहून. तसंच झालं. आधी आमची नवीन जालन्यातली ही कॉलनी गेली. ते संध्याकाळी "घरी जाऊ" म्हणू लागले. मग शेजारी गेले. तुमच्या बाबांना, स्वतःच्या मुलाला, ते फोनवर "नमस्कार साहेब" म्हणाले, तेव्हा तुमचे बाबा हसले आणि मला म्हणाले, चांगले मूडमध्ये आहेत आज.

पण गवतं जात नव्हती. आमच्या फाटकाशेजारी, कुंपणाच्या भिंतीला लागून एक रिकामा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतो, पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत होतं, आणि कॉलनीतले लोक साप निघतील म्हणून कुरकुरतात. मला मात्र तो प्लॉट हवा होता. सकाळचा चहा झाला की मी आजोबांना तिथे घेऊन जायची, एक काडी तोडून हातात द्यायची आणि विचारायची.

"हे काय?"

"मारवेल. पेरावर केस असत्यात बघ. जनावर ह्याला सोडत न्हाई."

"आणि हे?"

"कुसळी. लुगड्याला धरंल, जरा लांब हो."

"हे?"

"लव्हाळा. हे गवतच न्हाई. दांडी बोटात फिरव, तिकोनी लागंल. परवाच सांगितलं तुला."

"विसरले मी."

"तू विसरून राह्यली आणि मला डॉक्टरकडं नेऊन राह्यले हे लोक."

असं काही बोलले की माझा दिवस बरा जायचा. त्यांचा सगळ्यांत लाडका चिमणचारा. वीतभर उंच, टोकाला चपट्या, फिकट जांभळ्या दाण्यांचे बारीक झुबके, जरा वारा सुटला की सगळं थरथरतं. लहानपणी गुरांमागे असताना त्याचे झुबके ते कानात घालायचे, असं सांगायचे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ही नावं येताहेत तोवर हा माणूस माझ्याजवळ आहे. डॉक्टरांच्या तपासण्यांपेक्षा मी त्यावरच भिस्त ठेवली.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा तू बियांचं पाकीट आणलं होतंस. वर चित्र होतं: केसासारख्या देठांना लोंबणारी फुगीर, खवल्याखवल्यांची कणसं. नाव क्वेकिंग ग्रास, म्हणजे थरथरणारं गवत. तू म्हणालीस, "आजोबांना हे नक्की माहीत नसणार." ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. जुनं आठवणं निराळं आणि नवं शिकणं निराळं. इतकी वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी. मला वाटलं, ह्यांना एक नवा शब्द शिकवता आला तर डॉक्टरांचं म्हणणं निदान थोडं तरी खोटं ठरेल. हे मी कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

पाकिटावर लिहिलं होतं, वसंतात पेरा. तुमच्याकडचा वसंत म्हणजे आमच्याकडची थंडी, असा हिशेब करून मी दिवाळीनंतर पेरलं. कुंपणाच्या भिंतीशी वाफा आहे, त्यात शेवंतीच्या दोन ओळी, मध्ये गवताची एक, पुन्हा शेवंतीच्या दोन. दोरी लावून सरळ. माझं सगळं असंच असतं, तुम्ही चिडवता ना त्यावरून.

घरकामाला येणाऱ्या बाई अंतरवालीकडच्या आहेत. घरात मेंढ्या होत्या, आता थोड्या शेळ्या उरल्यात; कॉलनीच्या मागे खोली करून राहतात. मी गवताला झारीने पाणी घालते आहे हे पाहून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काकू, आख्खं गाव तण काढून राह्यलंय आन् तुम्ही पेरून राह्यल्या?"

"शोभेचं आहे ते. परदेशातलं. तिकडे लोक हौसेने लावतात."

"तिकडं गवत न्हाई का मंग?"

संक्रांतीनंतर कणसं आली. चित्रात होती तशीच, हिरवट रुपेरी. बाईंनी वाकून पाहिली. "आवं, ही ढेकणं काहून टांगली याला?" म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. खरंच तशी दिसत होती.

मी आजोबांना खुर्ची आणून दिली आणि एक काडी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती नाकाजवळ नेली, देठ नखाने चिरला, कणीस तळहातावर घेतलं. कपाळाला आठ्या. मग म्हणाले, "चिमणचारा हाय. सूज आली ह्याला."

"चिमणचारा नाही. नवं आहे. नातीने दिलंय."

"वारा न्हाई तरी कापून राह्यलं."

"मग नाव काय ठेवू या?"

"कापरं," ते म्हणाले. "कापरं गवत."

दुसऱ्या दिवशी विचारलं तर पुन्हा चिमणचारा. मी चिडले नाही. वर्गात ढ मुलाला शिकवतात तसं रोज त्याच वेळी, त्याच खुर्चीत बसवून, तीच काडी दाखवली. आणि एका सकाळी मी विचारायच्या आत ते स्वतः वाफ्याकडे बोट करून म्हणाले, "तुझं कापरं वाळून राह्यलं, पाणी घाल." त्या दिवशी मी तुम्हाला अवेळी फोन केला होता. तू झोपेत होतीस आणि मी नुसतं म्हणाले, आजोबांना तुझं गवत आवडलं. त्यापेक्षा जास्त सांगितलं तर ते मोडेल असं वाटलं मला.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. मी देवपूजा करत होते. बाहेर आले तर वाफ्यातली मधली ओळ रिकामी. शेवंतीच्या एका पानालाही धक्का नव्हता. माती पायाने दाबून सारखी केलेली. आजोबा भिंतीशी उभे, हात मातीने भरलेले, चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेलं समाधान.

"हे काय केलंत?"

"भेसळ काढली. मादी ओळीत घुसली होती."

"ती भेसळ नव्हती हो. कापरं गवत होतं. नातीचं."

"कुणाच्या नातीचं?"

"आपल्या."

त्यांनी हाताची माती झटकली. मग मला समजावण्याच्या सुरात म्हणाले, "बी कुणाचं ते लिहिलेलं पायजे. न्हाई तर प्लॉट पास होत न्हाई."

त्यांच्यावर रागवायला मला काही जागा नव्हती. दोन ओळी शेवंती, एक ओळ भलतंच काही, आणि तेही फुलावर आलेलं. त्यांनी काम चोख केलं होतं. उपटलेलं सगळं भिंतीवरून पलीकडच्या प्लॉटमध्ये टाकलं होतं. मी चपला घालून गेले. काही रोपं मिळाली असती तर परत लावली असती. तिथे बाईंच्या शेळ्या होत्या. बाई धावत आल्या.

"काकू, सगळं खाल्लं वो हिनं. मी हाकलूपर्यंत फस्त." मग माझ्या तोंडाकडे पाहून हळू म्हणाल्या, "लई होतं का त्यात तुमचं काही?"

मी म्हणाले, "नाही, गवतच ते."

पुढे मग शंका आली की उपटायचं, हा नियमच आमच्या घरात राहायला आला. आधी गवती चहा गेला. मग गणपतीसाठी कुंडीत वाढवलेल्या दूर्वा. मी तुळस उचलून गच्चीवर नेली आणि गच्चीच्या दाराला कडी लावली. फ्रिजवर लावलेला तुमचा फोटो एकदा दिसेना. तो फाटकाबाहेर नालीशी सापडला, पुसून ठेवला आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्यांचा तुमच्यावर राग नाही. जे ओळखू येत नाही ते हाताला लागलं की ते नेऊन बाहेर टाकतात, आणि ओळखू न येणाऱ्या गोष्टी रोज वाढत चालल्या आहेत. मी एक वाचवते तोवर दुसरी जाते.

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे आजीने प्रयत्न केला नाही असं वाटायला नको. वस्तूंवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या; त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. सकाळचा गवताचा पाठ चालू ठेवला. मारवेल ओळखायचे, कुसळी ओळखायचे, चिमणचारा मात्र थांबून थांबून. डॉक्टरांनी गोळी बदलली. तुमच्या बाबांनी फोनवर अर्धा तास मला मेंदूचे व्यायाम समजावले. मी सगळं ऐकून घेतलं आणि "करते" म्हणाले.

परवाची सकाळ. बाई अजून यायच्या होत्या. मी ओट्याशी चहाचं आधण ठेवत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. लग्नापासून त्यांनी मला अगं-तूगंच केलं आहे, रागावले तरी तसंच. ते म्हणाले, "तुम्ही कोन्या गावच्या, बाई?"

मी गॅस बंद केला. म्हणाले, "इथलीच."

"इथं तुमचं नाव न्हाई लागलेलं. चला."

त्यांनी माझं कोपर धरलं. धरण्यात जोर नव्हता. परक्या बाईला कुठे धरावं याचा त्यांना संकोच वाटत होता. व्हरांड्यातून, वाफ्याच्या कडेने, फाटकापर्यंत घेऊन गेले. मी हात सोडवून घेऊ शकले असते. वाद घातला की ते घाबरतात, आणि घाबरले की दिवसभर जेवत नाहीत, म्हणून मी चालत राहिले. मला रस्त्यावर सोडून त्यांनी आतून कडी घातली.

शेजारची मुलगी स्कूटीवरून जाताना थांबली. "काकू, वॉकला?"

"हो," मी म्हणाले. अंगावर घरातलं लुगडं, पायांत काही नाही. ती हसून गेली.

ते फाटकाच्या पलीकडे उभे होते, मी जाते की नाही हे पाहत. मला काय सुचावं? मी प्लॉटच्या कडेला गेले. फेब्रुवारी सरत आलेला, सगळं वाळून पिवळं पडलेलं. शोधून शोधून एक चिमणचाऱ्याची काडी मिळाली. झुबका अजून शाबूत होता. मी ती फाटकाच्या गजांतून आत धरली.

"हे काय?"

त्यांनी घेतली. नाकाजवळ नेली, देठ नखाने चिरला, तळहातावर धरली. हात सगळं बरोबर करत होते. मी वाट पाहिली. कोणतंही नाव चाललं असतं. चुकीचं सुद्धा.

"गवत," ते म्हणाले.

"कोणतं?"

"गवत हाय, बाई. वाळलेलं." मग त्यांना माझी कीव आली असावी. त्यांनी काडी गजांतून परत माझ्या हातात दिली. "न्या, पायजे तर. कुणी काही म्हणणार न्हाई."

मी ती घेतली, आणि बाई येईपर्यंत तिथेच उभी राहिले.